छोट्या मोटारीचे चिलखत

दसऱ्याला नवी मोटार दारात आली की तिला काय काय चढवायचे, याची यादी आमच्या बीड जिल्ह्यात एव्हाना पंचांगाइतकी पक्की झाली आहे. झेंडूची माळ हवी, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक हवे, चाकांखाली लिंबे हवीत, आरशाला गोंडा हवा, मागच्या काचेवर कुलदैवताचे नाव आणि त्याखाली आईवडिलांच्या आशीर्वादाचा उल्लेख हवा. आणि या सर्वांवर कडी म्हणून गाडीच्या ऐन नाकावर जाडजूड नळ्यांचा एक चकचकीत सांगाडा हवा. दुकानदार त्याला ‘क्रॅश गार्ड’ म्हणतात, हौशी मंडळी ‘बुलगार्ड’ म्हणतात आणि खेड्यातून आलेला गिऱ्हाईक “गार्ड टाकून द्या” एवढेच सांगून बाकावर बसतो.

पूर्वी ही हौस जीपगाड्यांपुरती होती. पुढाऱ्यांच्या उंच पांढऱ्या गाड्यांना असा सांगाडा दिसे आणि रस्त्यावरची माणसे आपोआप बाजूला होत. आता ती हौस चार माणसांच्या चिमुकल्या मोटारीपर्यंत येऊन पोचली आहे. पाच वर्षांच्या नातवाने आजोबांचे जोडे घालून अंगणभर हिंडावे, तशी ती गाडी गार्ड लावून हिंडते.

वाचकहो, मी मराठीचा प्राध्यापक. विवेकसिंधुकार मुकुंदराजांची समाधी ज्या अंबाजोगाईत आहे, त्या गावी मुलांना व्याकरण आणि काव्य शिकविणे हा माझा धंदा. मोटारीच्या नट-बोल्टांशी माझा संबंध येण्याचे वास्तविक कारण नव्हते. पण नातलग माणसाला कोणत्या विषयाचा अभ्यास करावयास लावतील, याचा नेम नसतो. गेल्या वर्षी आमच्या धाकट्या मेहुण्यांनी छोटी मोटार घेतली. ते केज तालुक्यात शेती सांभाळून खताचे दुकान चालवितात. मोटार घेतल्यावर आठच दिवसांत ते सहकुटुंब आमच्याकडे आले आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, “दाजी, चला जरा गॅरेजवर. गार्ड बसवून घेऊ. तुमच्या ओळखीचा उस्ताद आहे म्हणतात, चार पैसे कमी करील.”

मी म्हटले, “गार्ड कशाला?”

हा प्रश्न त्यांना फारच बालिश वाटला असावा. त्यांनी बहिणीकडे पाहिले. सौभाग्यवती लगेच भावाच्या मदतीला धावल्या. “कशाला म्हणजे काय? रात्रीअपरात्री एकटा येतो-जातो तो. दोन लेकरं आहेत पदरी. जिवाला जपायला नको?”

जिवाचा प्रश्न निघाला म्हणजे नवऱ्याने वाद घालू नये, हे मला ठाऊक आहे. परंतु जिवाचा प्रश्न होता म्हणूनच हा वाद पुढे पंधरा दिवस आमच्या घरात चालला, आणि त्यातून जे काही हाती लागले, ते आपल्यासमोर ठेवावे असे वाटले. आज मध्यमवर्गातल्या कितीतरी घरांपुढे पहिल्या मोटारीबरोबर हाच प्रश्न उभा असतो.

मेहुण्यांची बाजू

मेहुण्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे मुळीच नव्हते. त्यांचा पहिला मुद्दा असा की, हल्लीच्या गाड्यांचा पत्रा कागदासारखा असतो. कोपरा टेकला तरी खोक पडते. त्यांच्या वडिलांच्या आठवणीतली ॲम्बॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी यांचे बंपर म्हणजे खरेखुरे लोखंड. त्यावर दोन माणसे उभी राहिली तरी वाकत नसे. आताचा बंपर प्लॅस्टिकचा! पोराने क्रिकेटचा चेंडू मारला तरी भेग जाते.

दुसरा मुद्दा आमच्या रस्त्यांचा. केजहून अंबाजोगाईला यावे किंवा मांजरसुंब्यावरून बीडला जावे, तर वाटेत काय आडवे येईल ते सांगता येत नाही. कुत्री आहेत, गुरे आहेत, रानडुकरे आहेत, हरणांचा कळप आहे. पाटोद्याकडे नायगावचे मयूर अभयारण्य आहे, तिकडे मोरसुद्धा रस्ता ओलांडतो. अशा वेळी पुढे काही आडोसा नको काय?

तिसरा मुद्दा त्यांनी बोलून दाखविला नाही, पण तो मला दिसत होता. गार्ड लावलेल्या गाडीला वाट मिळते. टोलनाक्यावरचा माणूस जरा वेगळ्या नजरेने पाहतो. बाजाराच्या दिवशी हॉर्न एकदाच वाजवावा लागतो. रुबाब ही गोष्ट माणसाला हवी असते आणि खताच्या दुकानदाराला ती नको असावी, असे म्हणण्याचा अधिकार मास्तराला नाही.

तेव्हा आम्ही गॅरेजवर गेलो.

उस्तादांचा धडा

उस्ताद हे पंचविशीपासून साठीपर्यंत गाड्यांखालीच आयुष्य काढलेले गृहस्थ. गार्ड विकून त्यांना पैसे मिळतात, त्यामुळे ते त्याची भलावण करणार, असा माझा अंदाज होता. भिंतीला टेकवून ठेवलेला एक गार्ड त्यांनी दोन्ही हातांनी उचलून मेहुण्यांच्या गाडीसमोर धरला आणि मग हळूच म्हणाले, “भाऊ, आधी एक सांगा. तुम्हाला गाडी वाचवायची का माणूस?”

मेहुणे म्हणाले, “दोन्ही.”

“दोन्ही एकदम वाचत नाहीत,” उस्ताद म्हणाले, “या बाजूला या.”

गॅरेजच्या मागे लिंबाखाली एक अपघातातली गाडी पडलेली होती. तिचा गार्ड जवळजवळ जसाच्या तसा होता. एक नळी थोडी वाकली होती इतकेच. उस्तादांनी खाली बसून आम्हाला गार्डच्या मागची ब्रॅकेटे दाखविली. गार्ड हा प्लॅस्टिकच्या बंपरवर बसत नाही, बसूच शकत नाही. तो दोन लोखंडी ब्रॅकेटांनी थेट चेसिसच्या पुढच्या टोकांना आवळलेला असतो. त्या गाडीला धडक बसली तेव्हा धक्का बंपरवर, पत्र्यावर न थांबता त्या दोन ब्रॅकेटांवाटे सरळ आत गेला होता. चेसिसची टोके वेडीवाकडी झाली होती आणि दरवाजाची चौकट तिरकी झाली होती.

उस्तादांनी पुढे सांगितले ते मी त्यांच्याच शब्दांत देतो. “पार्किंगमध्ये कुणी बारीक ठोकर दिली, तर गार्ड पैसे वाचवतो. हेडलाइट वाचतो, रंग वाचतो. खोटं कशाला बोलू? पण मोठी ठोकर झाली की पत्र्यानं खायचा मार गार्ड आत पाठवतो. पत्रा बदलता येतो, सर. मी बदलून देतो.”

पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही. मेहुण्यांनी त्या दिवशी गार्ड घेतला नाही, पण नाहीही म्हटले नाही. “विचार करून सांगतो,” असे म्हणून आम्ही परतलो.

गाईसाठी निघालेली युक्ती

या ‘बुलगार्ड’चे मूळ शोधू गेलो, तर ते आगगाडीपाशी सापडले. गणकयंत्राचा जनक म्हणून ज्याला जग ओळखते, त्या चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने १८३८ च्या सुमारास रेल्वे इंजिनाच्या पुढे एक फाळासारखा सांगाडा लावावा, अशी कल्पना मांडली. रुळांवर आलेले जनावर किंवा अडथळा बाजूला लोटला जावा आणि गाडी रुळांवरून घसरू नये, हा त्याचा हेतू. इंग्रजीत त्याला गाय पकडणारा असेच नाव पडले. आगगाडी ही चटकन थांबू शकत नाही आणि रूळ सोडून बाजूला वळू तर मुळीच शकत नाही. म्हणून तिला तो हवा.

मोटारीवर हा सांगाडा रुळला तो ऑस्ट्रेलियात. तेथे शेकडो मैल निर्मनुष्य रस्ते आणि संध्याकाळी टुणकन उडी मारून समोर येणारे कांगारू. रेडिएटर फुटला, तर माणूस उन्हातान्हात रानात अडकून पडायचा. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी आपल्या अवजड गाड्यांना पुढे लोखंडी कठडा बांधला. त्याला ते लोक ‘रू बार’, म्हणजे कांगारूचा दांडा, म्हणतात.

आता गंमत पाहा. इंजिनापुढचा सांगाडा गाईसाठी, ऑस्ट्रेलियातला कांगारूसाठी. आणि आमच्याकडे? आमच्याकडे ‘बुल’ म्हणजे बैल, तो तर रस्त्यावर खरोखरच आहे. पण तो एकटा नसतो. त्याच्या मागे गाडी असते, गाडीत बिऱ्हाड असते आणि बिऱ्हाडावर झोपलेली लेकरे असतात. त्याकडे मी पुढे वळणारच आहे.

चेपणारे नाक

जुन्या गाड्यांचा पत्रा जाड होता म्हणून त्या सुरक्षित होत्या, ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. सामान्य अनुभवाला ती पटते. भिंत जाड तर घर भक्कम, मग पत्रा जाड तर गाडी भक्कम! पण घर जागचे हलत नाही आणि गाडी धावते, हा फरक त्यात निसटतो.

बेला बारेनी नावाचा एक अभियंता जर्मनीत मर्सिडीझ-बेंझ कंपनीत होता. त्याने १९५१ साली एका निराळ्याच कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याची कल्पना अशी की, मोटारीचे तीन भाग मानावेत. मधला भाग, जेथे माणसे बसतात, तो पेटीसारखा कठीण असावा. पुढचा नि मागचा भाग मात्र मुद्दाम असा करावा की, धडक बसताच तो चेपत जावा आणि चेपता चेपता धक्का गिळून टाकावा. १९५९ साली या तत्त्वावरची मोटार बाजारात आली. आज जगातल्या बहुतेक सर्व मोटारी, अगदी आपल्या छोट्या मोटारीसुद्धा, याच तत्त्वावर बांधतात. म्हणजे गाडीचे नाक चेपते ते काही कारखान्याने पत्र्यात काटकसर केली म्हणून नव्हे. चेपणे हेच त्या नाकाचे काम आहे.

आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना मी हे विचारले, तेव्हा त्यांनी स्टाफरूममध्ये वर्तमानपत्राच्या कडेवर गणित करून दाखविले. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला साधारण १४ मीटर जाते. ती भिंतीवर आदळली आणि तिचे नाक अर्धा मीटर चेपून थांबली, तर पट्टा बांधून बसलेल्या ६० किलोच्या माणसावर सरासरी सुमारे १२ क्विंटलचा भार येतो. म्हणजे ज्वारीची बारा पोती! नाक अर्धा मीटर न चेपता पाव मीटरच चेपले, तर तोच भार दुप्पट होतो, चोवीस पोती. गार्ड नेमके हेच करतो. नाकाला नीट चेपू देत नाही.

त्यांनी आणखी एक हिशोब सांगितला, तो घरी गेल्यावर मी मुद्दाम सर्वांना ऐकविला. ताशी ६० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे साधारण १४ मीटर उंचीवरून, चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडणे. वेग निम्मा केला, तर धडकेचा जोर निम्मा होत नाही, तो एकचतुर्थांश होतो. आमची धाकटी तेव्हापासून मामांच्या गाडीत बसली की काट्याकडे पाहून “मामा, तिसरा मजला!” असे ओरडते.

जाड पत्र्याचा प्रश्न प्रत्यक्ष प्रयोगानेही सुटलेला आहे. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने २००९ साली आपल्या पन्नासाव्या वर्षानिमित्त १९५९ सालची एक भलीमोठी जुनी शेव्हरोले आणि २००९ सालची एक मध्यम शेव्हरोले यांची समोरासमोर टक्कर घडवून आणली. जुन्या गाडीत बसविलेल्या पुतळ्याची अशी दशा झाली की, त्या जागी माणूस असता तर वाचता ना. नव्या गाडीतला माणूस पायाच्या किरकोळ दुखापतीवर निभावला असता.

छोट्या गाड्यांत दोष नाही, असे मात्र कोणी समजू नये. २०१४ साली भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची परदेशात धडक-चाचणी झाली आणि मोठ्यांच्या सुरक्षेत त्या पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. तो दोष माणसे बसतात त्या पेटीच्या कमकुवतपणाचा आणि एअरबॅग नसण्याचा होता. पेटी कच्ची असली, तर नाकावर लोखंड बांधून ती पक्की होत नाही. आता १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची चाचणी-व्यवस्था सुरू झाली आहे. गाडी घेतानाच तिचे तारे पाहून घेता येतात. सोन्याचा कस पाहतो, गाडीचा का पाहू नये?

डोळ्याची पापणी लवण्याआधी

एअरबॅगची हकीगत तर याहून नाजूक आहे. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, मग शेजारच्या माणसासाठीही झाली. ही पिशवी फुगते केव्हा? गाडीत संवेदक असतात. गाडीचा वेग किती झपाट्याने घटतो आहे, हे ते मोजतात. एका छोट्या यंत्राला त्यावरून ठरवावे लागते की, हा खड्डा आहे, बारीक ठोकर आहे की खरा अपघात आहे. हा निवाडा सेकंदाच्या शंभराव्या भागांत, पापणी लवायच्या आधी, करावयाचा असतो. आणि तो निवाडा कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या नाकाचा हिशोब धरून बसविलेला असतो.

आपण मध्येच चेसिसला लोखंड आवळले की, धक्का आत पोचण्याची चाल बदलते. पिशवी मग अवेळी उघडण्याची शक्यता निर्माण होते. उशिरा उघडली, तर माणूस तोवर पुढे येऊन चुकलेला असतो आणि उघडती पिशवी त्याच्या तोंडावरच बसते. नको तेव्हा उघडली, तर चालत्या गाडीत चालक गांगरतो. ज्याने मोटार बांधली, त्याने लाखो रुपये खर्चून केलेला हिशोब आपण काही हजारांचा दागिना चढवून बिघडवतो.

सरकारनेही हे पाहूनच डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना पत्र धाडून असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करण्यास कळविले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाला हे गार्ड विसंगत आहेत आणि ते पायी चालणाऱ्यांना तसेच गाडीतल्या माणसांनाही धोक्याचे आहेत, असे त्या पत्राचे सार. कारखान्याने ठरविलेल्या मूळ स्वरूपात फरक पडेल असा बदल मालकाने करू नये, असे हे कलम म्हणते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये एका निकालात मूळ स्वरूपाविरुद्ध बदल करता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद कायद्यात आली. युरोपातल्या राष्ट्रांनी तर २००५ सालीच या सांगाड्यांबद्दल कडक नियम केले, तेही मुख्यत्वे पायी चालणाऱ्यांची काळजी म्हणून.

गार्डच्या पलीकडे कोण आहे?

आणि येथेच मला आमच्या जिल्ह्याची गोष्ट सांगावयाची आहे.

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावेच्या गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी (त्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात) ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, टायरगाडीत संसार भरून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. पाठीमागे म्हातारी माणसे राहतात. पुढे हंगामभर पहाटेच्या अंधारात उसाच्या गाड्या रस्त्याने चालतात. बैलगाडीला दिवा नसतो, ट्रॉलीचा मागचा दिवा असला तरी उसाच्या वाढ्यांत झाकून जातो. आपण शहरातली माणसे तेव्हा काचा वर करून, गाणी लावून, गावाकडच्या दिवाळीला निघालेली असतो.

गार्ड लावलेल्या आपल्या मोटारीसमोर जर कोणी आलेच, तर ते बहुधा यांच्यापैकी असणार. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती आणि ७४,८९७ दुचाकीवरची. या दोघांचीच बेरीज एक लाखाच्या वर जाते. हल्लीचा प्लॅस्टिकचा बंपर आणि किंचित दबणारे बॉनेट हे अशा उघड्या माणसाचा मार जमेल तितका कमी व्हावा, अशा बेताने घडवू लागले आहेत. त्यावर आपण न दबणारे लोखंड आडवे धरतो, तेव्हा तो सगळा मार मांडीच्या हाडावर, आणि लहान मूल असेल तर छातीवर नि डोक्यावर बसतो.

पुराणात कवच-कुंडले घेऊन जन्मलेल्या कर्णाची कथा आहे. त्याचे कवच दुसऱ्याचा घाव झेलण्यासाठी होते, वाटेने जाणाऱ्याला घाव करण्यासाठी नव्हे. पोळ्याला आपण बैलाच्या शिंगांना पितळी शेंब्या बसवितो. शोभा तर येतेच, पण शिंगाचे टोक झाकलेही जाते आणि कोणाला लागत नाही. आमचा निरक्षर म्हणविला जाणारा शेतकरी जनावराच्या बाबतीत एवढा विचार करतो.

हा मुद्दा मी घरी मांडला तेव्हा मेहुणे बराच वेळ गप्प बसले. त्यांच्या शेतावर वर्षभर राबणारी दोन कुटुंबे दर साल कारखान्याला जातात. त्यांची पोरे यांच्या दुकानातून गोळ्या घेऊन जातात. नावे घेऊन विचार करावा लागला म्हणजे माणसाचा युक्तिवाद बदलतो.

खरे चिलखत

सौभाग्यवतींनी मात्र व्यवहाराचा प्रश्न विचारला. “गार्ड नको, हे पटलं. मग जिवाला जपायचं कसं, ते सांगा ना!”

याचे उत्तर गाडीतच, फुकट बसविलेले असते. १९५९ साली स्वीडनमध्ये व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन या अभियंत्याने खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा तयार केला. कंपनीने तो इतर कारखानदारांनाही वापरू दिला. आपण मात्र त्याचा उपयोग पोलीस दिसला की करतो. मागे बसणारे तर तेवढाही करीत नाहीत. २०२२ साली पट्टा न लावल्यामुळे देशात १६,७१५ माणसे मेली आणि त्यांतली जवळजवळ निम्मी, ८,३३१, ही चालक नव्हे तर बरोबर बसलेली माणसे होती.

आमच्या जिल्ह्याने याची किंमत फार मोठी मोजली आहे. ३ जून २०१४ च्या सकाळी गोपीनाथराव मुंडे दिल्लीत मोटारीच्या मागच्या आसनावर बसून निघाले होते. केंद्रात मंत्री होऊन त्यांना अवघे आठ दिवस झाले होते. चौकात दुसऱ्या गाडीने बाजूने धडक दिली. त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. पट्टा असता तर कदाचित ते वाचले असते, असे तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी त्यानंतर म्हटले. परळीला त्या दिवसांत जो आक्रोश उठला, तो ज्यांनी ऐकला ते विसरणार नाहीत. पुढे १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे याच जिल्ह्याचे विनायकराव मेटे बीडहून मुंबईला जाताना द्रुतगती मार्गावर अपघातात गेले. आणि त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ४ सप्टेंबर रोजी, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री यांची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. मागे बसलेल्या त्यांनीही पट्टा लावलेला नव्हता. या गाड्या काही कागदी पत्र्याच्या नव्हत्या.

तेव्हा पहिले चिलखत पट्टा, पुढच्यांना आणि मागच्यांना. लहान मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसणे हे आपल्याकडे मायेचे लक्षण समजतात. वास्तविक धडक बसल्यास ते मूल आईच्या आणि एअरबॅगच्या मध्ये सापडते. त्याला मागेच, त्याच्या मापाच्या खुर्चीत, बांधून बसवावे. दुसरे चिलखत वेग. रात्री आपल्या दिव्याचा उजेड जेथवर पडतो, तेवढ्या अंतरात गाडी थांबली पाहिजे, इतकाच वेग ठेवावा. तिसरे, समोरच्या ट्रॉलीपासून अंतर. चौथे, टायरची हवा आणि नक्षी, ब्रेक, आणि पुसलेली काच. पाचवे, आणि अवघड, झोप आली की गाडी बाजूला घेण्याचा शहाणपणा. यांपैकी एकाही गोष्टीला गॅरेजमध्ये जावे लागत नाही, टायर सोडून.

मेहुण्यांनी शेवटी गार्ड लावला नाही. गावात त्यांची थट्टा झाली. “मास्तरांच्या नादी लागला,” असे लोक म्हणाले, आणि पहिल्याच महिन्यात बाजारात कोणाच्या तरी मोटारसायकलने त्यांच्या बंपरला भेग पाडली. तेव्हा त्यांनी मला फोन करून भेगेची लांबी इंचांत सांगितली. मी ती निमूटपणे ऐकून घेतली.

पण गार्डसाठी काढून ठेवलेल्या पैशांतून त्यांनी एक गोष्ट केली. लाल-पांढऱ्या रेडियमच्या पट्ट्यांची रिळे आणली आणि कारखान्याला निघालेल्या आपल्या गावच्या टायरगाड्यांना, ट्रॉल्यांना, पाठीमागून आणि दोन्ही बाजूंनी, स्वतः उभे राहून त्या चिकटवून घेतल्या. काही कारखाने आणि पोलीस ठाणी हंगामाच्या तोंडावर हे काम करतात, पण सगळ्या गाड्यांपर्यंत ते पोचत नाही. एका मुकादमाने विचारले, “शेठ, याचे पैसे उचलीतून कापणार का?” मेहुणे म्हणाले, “नाही बाबा. तुझी गाडी मला दिसावी म्हणून लावतोय. माझ्यासाठीच समज.”

या दिवाळीत आपल्यापैकी पुष्कळजण नव्या-जुन्या मोटारींतून गावाकडे निघतील. भाऊबीजेला बहिणी ओवाळतील आणि भावाला उदंड आयुष्य मागतील. देवाकडे जे मागायचे त्याचा थोडा भार आपणही उचलावा. बहिणीने ओवाळणीचे ताट खाली ठेवल्यावर भावाला फाटकापर्यंत पोचवायला जावे, आणि मागच्या आसनावर बसलेल्या भावजयीने नि भाच्यांनी पट्टा लावला की नाही, ते खिडकीतून वाकून पाहावे. तो ‘खट्’ असा आवाज ऐकू आला की मगच हात हलवावा.